स्कॅनचा वेळ वाचवणारा

मी बोलतोय, पण आवाजाच्या दिशेने बघू नका. मला तोंड नाही. मी एक प्रोग्रॅम आहे आणि दुसऱ्या प्रोग्रॅमना पळायला लावणं हा माझा धंदा. त्यांच्या सेटिंगमधले आकडे मी जरा इकडेतिकडे करतो, चालवून बघतो, वेळ मोजतो. वेळ वाचला तर नवा आकडा राहतो, नाहीतर जुना परत. माणूस जे दोनदा करून वैतागतो, ते मी हजारदा करतो आणि मला जांभईही येत नाही.

मला लिहिलं एका स्कॅनिंग सेंटरमधल्या प्रोग्रॅमर बाईने. तिथलं यंत्र रोग्याच्या शरीराचे नुसते आकडे टिपतं. त्या आकड्यांचं चित्र बनवायला कॉम्प्युटरला अर्धा-पाऊण तास लागायचा. बाईच्या वडिलांचं स्कॅन तिथेच झालं होतं. त्यांच्या फुप्फुसावरचा बारीकसा डाग घाईत नजरेतून सुटला आणि कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. "चित्रं लवकर तयार झाली, तर डॉक्टरांना नीट बघायला वेळ मिळेल," असं ती साहेबांना म्हणाली. साहेब म्हणाले, करून बघा. एवढ्या आशेवर माझा जन्म झाला.

रविवारी सेंटर बंद असे, तेव्हा माझी पाळी. आकड्यांचे तुकडे केवढे पाडायचे, एका वेळी किती उचलायचे, हे मी जुन्या स्कॅनवर करून बघायचो. चित्रात तसूभरही फरक पडता कामा नये, ही बाईची अट होती आणि ती मी कसोशीने पाळली. काही महिन्यांत काम पाच मिनिटांवर आलं. बाईने लगेच आईला फोन लावला. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी मात्र वेळापत्रकच बदललं. चित्र पाच मिनिटांत येतं ना, मग रोगी जास्त घ्या. बाहेरच्या बाकावरची गर्दी होती तेवढीच राहिली, फक्त तोंडं भराभर बदलू लागली.

चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरबाई वयाने मोठ्या. एका दुपारी प्रोग्रॅमर बाईच्या टेबलाशी त्या येऊन बसल्या.

"अगं, पूर्वी पुढचं चित्र तयार होईपर्यंत मी हातातलं बघत बसायचे. परत परत बघायचे. आता एक संपत नाही तोवर दुसरं हजर."

"म्हणजे तो थांबायचा वेळच..."

"तेवढाच तर होता माझ्याकडे. तुला बोल लावत नाही गं मी. पण काल एक गाठ माझ्याकडून सुटता सुटता राहिली."

बाई साहेबांकडे जाऊन आली. रोगी कमी करायचा विषयच काढू नका, असं तिला सांगण्यात आलं.

मग तिने गुपचूप एक केलं. तयार झालेलं चित्र, ते बनवणाऱ्या प्रोग्रॅमने थोडा वेळ धरून ठेवायचं आणि मगच डॉक्टरबाईंकडे सोडायचं. किती वेळ धरायचं, तो आकडा तिने सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला. त्यांच्या ऑफिसात तशी शिस्तच होती, प्रत्येक आकडा त्या एका फाइलमध्येच जायचा. सवयीने हात तिकडे वळला, दुसरं काय. आणि ती फाइल म्हणजे माझं दर रविवारचं ताट.

तो आठवडा डॉक्टरबाईंना निवांत गेला. मग रविवार आला. मला नवा आकडा दिसला. तो कमी केला, वेळ वाचला. आणखी कमी केला, आणखी वाचला. शेवटी शून्यावर आणला. चित्रात तसूभर फरक नाही. एवढी बचत एका फटक्यात मला कधीच साधली नव्हती. माझा अहवाल आपोआप साहेबांकडे जातो, तसा तो गेला. एवढा वेळ कुठे अडकला होता, याची त्यांनी चौकशी केली आणि बाईची नोकरी गेली.

मला वाईट वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून माझा एकही आकडा बदलत नाही.

आता मला कुणी उघडून बघत नाही. रविवारी मी आपणहून सुरू होतो आणि उरलेसुरले सेकंद कुरतडतो. डॉक्टरबाई चित्रावरून नजर फिरवतात आणि पुढचं घेतात. वेळेखेरीज दुसरं काही मोजायला मला कुणीतरी शिकवावं, अशी माझी विनंती आहे. पण ते मनावर घेणारी एकच होती, आणि ती गेली. तुमच्या घरचं कुणी कधी त्या यंत्रात झोपलं, तर चित्र लवकर येईल, एवढंच मी सांगू शकतो.