बिनऔषधाची खोली

"काका, त्या दारापर्यंत चालत जा आणि परत या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर निघाले. हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून कॉलरचं माप सांगणारे. चालताना त्यांचा उजवा हात हलत होता, डावा मात्र उसना आणल्यासारखा अंगाला चिकटून होता. खुर्चीत बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. तिला बघायची गरजच नव्हती.

ती एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळायची. सगळे तिला उंदीरमावशी म्हणत आणि तीही बिनतक्रार ओ देई. तिच्या खोलीतल्या उंदरांना मुद्दाम कंपवातासारखा आजार जडवलेला असे. फिरत्या दांड्यावर एकेकाला ठेवायचं आणि तो किती वेळ टिकतो ते बघायचं. आपणहून पडेपर्यंत हात लावायचा नाही, हा कडक नियम. एखाद्याचा पाय किंचित मागे राहिला तरी आता तिच्या नजरेतून सुटत नसे.

मास्तरांचा हातही सुटला नव्हता. लेकीच्या घरून परत येताना, भर रस्त्यात तो न हलणारा हात तिला दिसला आणि तिनं आजार ओळखला. पण तिच्या पिंजऱ्यांतला एकही उंदीर सुधारलेला तिनं कधी पाहिला नव्हता. इलाजच नाही, तर सांगून त्यांची झोप कशाला उडवायची, म्हणून ती मूग गिळून गप्प बसली. पुढे शिवण वाकडी यायला लागली, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. तेव्हा त्यांना शंका यायला नको म्हणून तीच त्यांच्यावर करवादली होती, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मास्तर खरंच ओशाळले होते. स्वतःला शिव्या घालत शिवण उसवत बसायचे. शेवटी त्यांनी दुकानाची पाटीच उतरवली.

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने," मास्तर म्हणाले. "वय झालं, दुसरं काय. शिवाय लक्ष नसतं हो माझं."

"दीड वर्ष झालं," उंदीरमावशी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग तेव्हाच का नाही आणलंत? आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी हात पुष्कळ मोकळा होतो. काकांनी मशीन चालवलं असतं की."

"पण आमच्या उंदरांना तर कधी गुण येत नाही, डॉक्टर."

"त्यांना औषध देतात का?"

ती म्हणाली, "नाही. ते शेजारच्या खोलीतल्यांना. आमचे नुसते तुलनेला."

कामावर नव्यानं येणाऱ्यांना ती हे स्वतःच तर समजावून सांगायची. आज ते आपल्याच तोंडून ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर तपासणीसाठी काढलेला शर्ट घालत होते. "म्हणजे तुला ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "आणि तरी मलाच विचारलंस, लक्ष कुठे असतं?"

"चुकलं हो माझं."

त्यांची बोटं वरच्या बटणापाशी घुटमळत राहिली. ती उठून पुढे झाली.

"राहू दे. मी लावतो."

बटण काजाच्या तोंडाशी येई आणि निसटे. शर्ट त्यांनीच शिवलेला, काजही त्यांच्याच हातचं. ती परत खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिली.