खिळ्याने काय कबूल केलं?

"वाढली! वाढली!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम उंच झाल्या.

काविळीची माळ घालणाऱ्या माळमाईने दोन्ही हातांनी एक बाळ वर धरलं होतं. काल त्याच्या कपाळाला घट्ट बसलेली हिरव्या काड्यांची माळ आज कान ओलांडून गळ्यात उतरली होती. बाळाची आई रडत होती, आजी हात जोडून उभी होती, आणि मागे दाटीवाटीने थांबलेल्या बायका आपापली दुपटी छातीशी आवळून पुढे सरकत होत्या. प्रसूतिगृहाच्या मागच्या गल्लीतली ती खोली दहा माणसांपुरती होती. आत त्याच्या तिप्पट तरी बायका असतील. खिडकीला जाड पडदा आणि छताला एकच पिवळा दिवा. त्या उजेडात आम्ही सगळ्याच कावीळ झाल्यासारख्या दिसत होतो.

"माळ कुणी वाढवली?" माळमाईने विचारलं.

"तुम्ही, माई!"

"मी कोण? काड्या माझ्या, दोरा माझा. वाढवली ती हिने! पोटुशी असताना सासूशी भांडून अन्न टाकलं होतं हिने. टाकलं होतंस ना गं?"

आईने मान खाली घातली.

"काल कबूल केलं, मोकळी झाली. आई मोकळी की माळ सैल. माळ सैल की कावीळ खाली. डोक्यातून गळ्यात, गळ्यातून पोटात, पोटातून पायात, पायातून जमिनीत! डॉक्टरला ठाऊक आहे का हा रस्ता?"

"नाही, माई!"

पुढचा नंबर आमचा होता. आमचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. तिच्या हातात चार दिवसांची मुलगी होती, आणि शेजारी तिच्या सासूबाई. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझं लक्ष त्या काड्यांवर होतं. कुठल्यातरी वेलीचे ताजे, रसरशीत तुकडे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि प्रत्येक तुकड्याभोवती दोऱ्याचा एक आवळलेला फास.

"बोल," माळमाई धाकटीला म्हणाली, "काय दडवलंयस?"

धाकटीने शेजारी पाहिलं. मला वाटलं, सासूबाईंसमोर ती बोलणार नाही. पण सासूबाईंनीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बाळा. सगळं सांग. काही ठेवू नकोस."

"मला हे बाळ इतक्यात नको होतं," धाकटी म्हणाली. "कळलं त्या दिवशी मी खूप रडले."

खोलीभर चुकचुकणं झालं. माळमाईने समाधानाने डोळे मिटले, जणू खोकल्याचं कारण सापडलेला डॉक्टरच. मग बाळाच्या डोक्यावर माळ चढवली. "माळ आहे तोवर उन्हाचा उजेड नको. दवाखान्यातला निळा दिवा तर मुळीच नको. माळ करपेल आणि लेकरूही."

"काड्या कुठल्या झाडाच्या आहेत?" मी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"बाळाची मावशी."

"मग मावशीने लाड करावेत. चौकशा पोलीस करतात!"

खोली खदखदून हसली. बाळं माळ ओढून तोडतात, म्हणून माळमाई प्रत्येकीला एक जास्तीची माळ देत असे. ती मी माझ्या पर्समध्ये ठेवली.

या बाळंतपणाची तयारी आम्ही दोघी बहिणींनी अगदी मन लावून केली होती. सुती कपडे दोनदा धुऊन ठेवले होते. तपासण्यांची फाइल, पुढून उघडणारे गाऊन, चार्जर, पायमोजे, सगळं एका पिशवीत भरून ती दाराशी ठेवली होती. अवेळी प्रसूतिगृहाचं कुठलं दार उघडं असतं, तेही आधी जाऊन पाहून आलो होतो. पण ती सगळी तयारी दवाखान्यात पोहोचण्याची होती. घरी आल्यानंतरच्या दिवसांची तयारी आम्ही केलीच नव्हती, आणि माळमाईचं दुकान नेमकं त्याच दिवसांवर चालत होतं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, परवा बाळाला दाखवून जा, कावीळ वाढत नाही ना ते बघू. तो परवाचा दिवस म्हणजे हाच माळेचा दिवस. मी म्हटलं, आधी दवाखाना. सासूबाई म्हणाल्या, आधी माळ, दवाखाना उद्या बघू. मी आवाज चढवला तेव्हा बाळ दचकलं, धाकटी रडायला लागली, आणि मी गप्प बसले.

घरी आल्यावर जास्तीची माळ मी स्वयंपाकघरातल्या एका खिळ्याला अडकवली. तिचं खालचं टोक जिथे आलं तिथे भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

त्या संध्याकाळभर धाकटी पाळण्याशी बसून कुजबुजत होती. सुरुवातीला मला वाटलं, बाळाशी बोलतेय. जवळ गेले तेव्हा शब्द कानावर आले. "मी जिने चढत राहिले. ऑफिसात एकदा जड खोकं उचललं. तुझ्या बाबांवर ओरडले. कळा येत होत्या तेव्हा म्हटलं, मला नको हे काही."

"कुणाला सांगतेस गं हे?"

"आठवून आठवून काढतेय, ताई. काही राहायला नको."

"अगं, जिने चढून कुणाच्या बाळाला कावीळ झालीय?"

"तुला मूल नाही, तुला नाही कळायचं," ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. "बघ. आता तुलाही बोलले. हेही सांगावं लागेल."

सकाळी तिच्या हाकेनेच मी उठले. "ताई, बघ तरी! उतरली!"

माळ खरोखरच बाळाच्या गळ्यात आली होती. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "सगळं कबूल केलंस ना, म्हणून," त्या धाकटीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी धाकटी हसली.

"दूध प्यायली?" मी विचारलं.

"झोपलीय छान. रात्रीपासून शांत आहे. उठवलं तरी दोन घोट घेते आणि परत झोपते."

मी पडदा सरकवला. "अहो, उजेड नको!" सासूबाई म्हणाल्या, पण तोवर ऊन पाळण्यात आलं होतं. मी बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पिवळीधमक. छातीवर तसंच, पोटावर तसंच. पायमोजा काढला, तळवाही पिवळा. टिचकी मारली तरी बाळाने पाय जेमतेम हलवला.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"पायात आलीय म्हणजे उतरतेय की!" सासूबाई म्हणाल्या. "माईंनी सांगितलं नव्हतं का, पायातून जमिनीत?"

"काकू, नवजात बाळाची कावीळ तोंडापासून सुरू होते आणि वाढेल तशी खाली पसरते. पायात आली म्हणजे ती उतरली नाही, वाढलीय."

"मग माळ कशी वाढली?"

"या माझ्याबरोबर."

दोघी माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या, धाकटी बाळंतपणाच्या टाक्यांमुळे भिंतीला धरत धरत. खिळ्यावरची माळ पेन्सिलीच्या रेघेखाली चांगली वीतभर उतरली होती. मी बाळाच्या गळ्यातली माळ काढून तिच्या शेजारी धरली. दोन्ही सारख्याच लांब.

"या माळेसाठी धाकटी संध्याकाळभर अपराध आठवत बसली," मी म्हणाले. "आता मला सांगा, या खिळ्याने काय कबूल केलं?"

मी खिळ्यावरच्या माळेतली एक काडी चिमटीत धरून ओढली. ती फासातून अलगद निसटून आली. फास तेवढाच, काडी मात्र सुकून निम्मी झालेली. "काल ही ओली होती, जाड होती. प्रत्येक काडीभोवती दोरा घट्ट गुंडाळलाय. काडी सुकते, बारीक होते, फास ढिला पडतो आणि आतला दोरा बाहेर सरकतो. एकेका काडीमागे थोडासाच. पण काड्या पन्नास आहेत. माळ कुणाच्या मनाने वाढत नाही, सुकण्याने वाढते. खिळ्यावर वाढते, दाराच्या कडीवर वाढते, मी घातली तर माझ्या गळ्यातही वाढेल."

धाकटीने ती सुकी काडी हातात घेतली. "म्हणजे मी जे सांगितलं त्याचा बाळाशी काहीच संबंध नव्हता?"

"काहीच नव्हता."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, आणि टाक्यांची पर्वा न करता धावली. "अहो, गाडी काढा!" तिच्या नवऱ्याने अर्धी दाढी तशीच ठेवून किल्ली उचलली. सासूबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. मी हाक मारली तेव्हा कुठे त्यांनी पायात चपला घातल्या.

दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं आणि लगेच तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर छोटीशी पट्टी बांधून. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. ते जास्त अवघड गेलं. "आईचा रक्तगट ओ, बाळाचा ए. अशा जोडीत कधीकधी बाळाच्या रक्तपेशी भराभर फुटतात आणि कावीळ चढते. रक्तातल्या काविळीचा आकडा बराच वर गेलाय. अजून चढला तर रक्त बदलावं लागेल. चढतच राहिला तर पिवळं द्रव्य मेंदूत जातं. या दिव्याने ते द्रव्य बदलतं आणि शी-शूतून निघून जातं. दर थोड्या वेळाने दूध पाजायचं."

"माझ्यामुळे झालं का?" धाकटीने विचारलं.

"रक्तगट तुम्ही निवडला होता का?"

त्या दिवशी काचेपलीकडच्या निळ्या उजेडाकडे बघत आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपारच्या तपासणीत आकडा तिथेच थांबला होता. संध्याकाळी तो उतरला, आणि बाळ पहिल्यांदा भुकेने मोठ्यांदा रडलं. धाकटी आत पाजायला गेली. बाकावर सासूबाई आणि मी दोघीच उरलो.

"माझी पहिली मुलगी," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तिलाही माळ घातली होती. या माईच्या आईने. माळ पायापर्यंत आली हो. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, उतरली, उतरली. पोर शांत झोपायची. मग उठलीच नाही."

मी त्यांचा हात धरला.

"तेव्हा ती म्हणाली, तू काहीतरी कबूल करायचं ठेवलंस. इतकी वर्षं मी शोधतेय, काय राहिलं सांगायचं. म्हणून हिला म्हणत होते, काही ठेवू नकोस."

"काकू, ती वाचली असती की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही काही ठेवलं म्हणून ती गेली नाही. हे मात्र मी खात्रीने सांगते."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

बाळाला घरी सोडलं त्याच सकाळी सासूबाई दोन्ही माळा पिशवीत घालून गल्लीतल्या त्या खोलीत गेल्या. मी मागे होतेच. आत तीच गर्दी, तोच पिवळा दिवा. त्या थेट पुढे गेल्या आणि माळा माळमाईच्या पुढ्यात ठेवल्या.

"ही नातीच्या गळ्यातली. ही आमच्या खिळ्यावरची. मोजा."

माळमाईने दोन्हींकडे पाहिलं. "खिळा कुणाच्या घरचा? तुमच्याच ना? घराला दोष असला की भिंतसुद्धा—"

"मग भिंतीलाच माळ घालायची होती, माई," मागून एक जण म्हणाली, "बाळाला कशाला?"

कुणीतरी हसलं. माळमाईने आवाज चढवला. "हिची पहिली पोर गेली ती हिने पाप लपवलं म्हणून! माझ्या आईने सांगितलं होतं हिला!"

सासूबाई माळमाईच्या आणखी जवळ गेल्या. "मी काही लपवलं नव्हतं. मी फक्त दवाखान्यात गेले नाही. जाऊ नको, असं तुझ्या आईने सांगितलं होतं, आणि मी ऐकलं."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने दुपटं घट्ट धरलं होतं. तिने हळूच विचारलं, "पण आजी, मी मनात खूप वाईटसाईट बोललेय हो बाळाला. झोपच देत नाही म्हणून."

"मीही बोलले होते," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्याच बोलतो. त्याने कावीळ होत नाही. ऊठ, तो पडदा सार आधी."

पडदा मीच सारला. एकीने बाळाचा पाय उघडून उजेडात धरला, मग दुसरीने. बहुतेक बाळांची कावीळ साधी असते, आपोआप जाणारी. आजवर माळमाईला नाव मिळालं ते त्याच बाळांमुळे. पण साधी कोणती आणि घातक कोणती, हे काडीला कळत नाही, ते रक्ताच्या तपासणीत कळतं. म्हणून एवढंच सांगते. बाळाला दिवसाच्या उजेडात बघा. पिवळेपणा पोटापर्यंत, पायापर्यंत आला, बाळ दूध पिईना किंवा सुस्त पडलं, तर वाट पाहू नका. डॉक्टरांनी बोलावलेल्या दिवशी जा. आणि बाळंतिणीच्या मनात काय आहे ते जरूर विचारा, पण तिला जेवायला वाढताना विचारा. ते तिच्यासाठी विचारायचं असतं, बाळावरचा उपचार म्हणून नाही.