कमलाकांत डॉक्टरांचा हातगुण

ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणून कमलाकांत डॉक्टरांनी उरलंसुरलं मलम तर्जनीवर घेतलं आणि देवूच्या गुडघ्यावर हलकेच पसरलं. देवू आईच्या, लाडकीच्या, मांडीवर अंग चोरून बसला होता. मधाच्या रंगाच्या ओल्या खपल्या गुडघ्यावरून पोटरीवर उतरल्या होत्या, आणि आज एक नवी हनुवटीवरही दिसत होती.

"नवी ट्यूब देतो, घरी ने, लाडके. सकाळ-संध्याकाळ लाव."

"नको, डाक्टर. माज्या बोटानं गुण येत नाय. तुमीच लावा."

कुंभवलीत सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. कमलाकांत डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, मलम नुसतं निमित्त. कारखान्यातली पाळी सुटली की माणसं घरी जायच्या आधी दवाखान्याच्या बाकावर येऊन टेकत आणि चिरलेली, सोललेली, भाजलेली बोटं पुढे करत. म्हाताऱ्या पायाच्या भेगा दाखवत, आया कडेवरची पोरं उतरवत. तीच ट्यूब, तेच बोट. डॉक्टर वरवर चिडत, "मी काय देवऋषी आहे का?" म्हणत, पण मनातून त्यांना ते गोड लागायचं. कुणाला लागणार नाही?

कोपऱ्यातल्या स्टुलावर हेमाली बसली होती. ती पालघरला डॉक्टरकीचं पुढचं शिकत होती. जखमेवर लावायचं हे जंतुनाशक मलम कोणत्या वयाच्या माणसांना किती लिहून दिलं जातं, हे बघत ती या पट्ट्यातले दवाखाने फिरत होती.

"सर, तुमच्या कागदांवर मलम फक्त मोठ्या माणसांना आहे. लहान मूल एकही नाही. आणि सकाळपासून मी तर पोरंच बघतेय."

"पोरांना लिहून कशाला द्यायचं? बोटभर तर लागतं."

"जे लिहिलंच नाही, ते मोजायचं कसं?"

डॉक्टर हसले. नव्या पोरांना सगळं मोजायचं असतं, असं त्यांचं मत होतं. तेवढ्यात लाडकी उठता उठता थांबली.

"डाक्टर, ह्याचं ह्ये कदी जाईल? पाळनाघरातली बाई बोलली, अंग साफ झाल्याबिगर पोर आनू नको. घरी कोन हाय ह्याला बघायला? सुपरवायजर बोलला, सोमवारी नाय आलीस तर दुसरी बाई घेऊ."

तिचा नवरा गुजरातेत वीटभट्टीवर होता, सासू तिकडे डोंगरात पाड्यावर. डॉक्टरांनी देवूच्या हनुवटीकडे पाहिलं. खरं तर एव्हाना हे जायला हवं होतं. त्यांनाही ते रोज थोडं थोडं टोचत होतं, पण बोलून कुणाला दाखवलं नव्हतं.

हेमालीनं पुढे होऊन देवूच्या खपलीखालची ओल कापसाच्या काडीवर घेतली. मग दुसरी काडी काढून म्हणाली, "दवाखान्यातल्या माणसांचेही नमुने घेतेय मी. सर, तुमचं नाक."

"माझं? घे बाई, घे. सत्तर वर्षांचं जुनं नाक आहे, काय सापडेल ते तुझं."

नर्स मेघाली तोंडाला पदर लावून हसली. मग तिच्याही नाकात काडी गेली.

दोन दिवसांनी हेमालीचा फोन आला. सर, शक्य असेल तर पालघरला या, फोनवर सांगण्यासारखं नाही, बघण्यासारखं आहे. डॉक्टर गेले. प्रयोगशाळा छोटी होती, एका खिडकीची. हेमालीनं एक झाकणाची पारदर्शक बशी उजेडात धरली, आणि कमलाकांत डॉक्टर सगळं विसरून खाली वाकले.

बशीभर पिवळसर, दाट, सायीसारखा थर आला होता. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवलेल्या होत्या. प्रत्येक टिकलीभोवती, सायीवर वाटी उपडी ठेवून उचलावी तसं, स्वच्छ गोल मैदान पडलं होतं. तिथे एकही जंतू नव्हता. कॉलेजात हे त्यांनी पाहिलं होतं, पण तेव्हा परीक्षेच्या धसक्यानं पाहिलं होतं. आज नुसतं पाहिलं. डोळ्यांना न दिसणारे, एकावर एक कोटींनी वाढणारे हे जीव, आणि कागदाच्या एवढ्याशा तुकड्यासमोर त्यांनी सोडलेली ती वाट! या वयातही त्यांच्या अंगावर काटा आला.

"वा!" ते म्हणाले. "वा, पोरी!"

"ही बघा, सर."

एका टिकलीभोवती मैदान नव्हतं. साय थेट तिच्या कडेपर्यंत जाऊन भिडली होती, टिकली तिथे नसल्यासारखी.

"ही मलमाची?"

"हो. हा देवूचा नमुना. मलम याला काहीच करत नाही."

"बघ, काय जीव आहे!" डॉक्टरांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आदर होता. "आपण एक औषध काढायला आयुष्यं घालवतो, आणि हा... शिकला कुठे म्हणायचं हा?"

हेमालीनं दुसरी बशी शेजारी ठेवली. तीच पिवळसर साय, तीच मैदानं, त्याच मापाची. मलमाच्या टिकलीला तशीच भिडलेली कड.

"हीसुद्धा देवूचीच?"

"नाही, सर. ती तुमची."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होऊन निघून गेली तरी डॉक्टर दोन्ही बशांकडे बघत उभे होते.

"अगदी खात्रीनं सांगायला मोठी तपासणी लागेल," हेमाली हळू आवाजात म्हणाली. "पण सगळ्या टिकल्यांना दोघांचं उत्तर एकच आहे. पुष्कळांच्या नाकात असतो हा. त्यांना स्वतःला काही होत नाही."

डॉक्टरांचा हात सवयीनं नाकाकडे निघाला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला आणि खाली घेतला. शेजारच्या बोईसरला खोलीखोलीत भाडेकरू असतात. पण घरमालकाला निदान ठाऊक तरी असतं. हा आपल्या नाकात किती वर्षं राहिला, किती जणांच्या बोटांवर, गुडघ्यांवर जाऊन बसला? आणि आपण त्याला रोज मलमाचा वास देत शिकवत बसलो. आणि तरीही त्या बशांवरून नजर हटेना, याची त्यांना लाज वाटली. इतकं मोठं काहीतरी इतक्या जवळ होतं.

"किती जणांना दिला असेल मी?"

"माहीत नाही, सर. कागदावर नाहीत ना ती पोरं."

मग तिनं पहिल्या बशीतल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर बोट ठेवलं. हे पोटात घ्यायचं औषध होतं, सिरपमध्ये मिळणारं. देवूला ते लागू पडणार होतं. डॉक्टरांसाठी तिनं वेगळे उपचार लिहून दिले. ते निमूट घेऊन ते निघाले.

संध्याकाळी लाडकी आली तेव्हा डॉक्टरांनी सिरपची बाटली तिच्या हातात दिली.

"यानं जाईल. डोळ्यांनी बघून आलोय. दोन दिवसांत ओल सुकायला लागेल, आणि पाळणाघरातल्या बाईशी मी स्वतः बोलतो. सोमवारी तू कामावर जा."

लाडकीचा चेहरा सैल झाला. बाटली तिनं पिशवीत न टाकता हातातच धरली. डॉक्टर इथेच थांबले असते तरी चाललं असतं. मेघाली पुढच्या माणसाला हाक मारायला निघालीच होती.

"थांब, मेघाली. लाडके, एक सांगायचंय. हे त्याला बहुतेक माझ्यामुळे झालंय. रोग माझ्या नाकात होता. माझ्या बोटानं तुझ्या पोराच्या अंगावर गेला असणार."

लाडकी बघत राहिली. ती आता हसेल, 'काय पन बोलता, डाक्टर' म्हणेल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर तशी आशाच वाटली. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी तर मानाही हलवल्या, म्हाताऱ्या डॉक्टरांचं काहीतरीच म्हणून.

लाडकी हसली नाही. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि देवूचा पाय हळूच आपल्या पदराखाली ओढून घेतला.

या दवाखान्यात त्यांच्या हातापासून आजवर कुणी काही मागे घेतलं नव्हतं. डॉक्टरांना ते लागलं, चांगलंच लागलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण बघायला हवं, पाठीवर कुठे नवी खपली आलीय का."

लाडकी उठून गेली नाही. पोराला छातीशी धरून ती विचार करत राहिली.

"मंग हात धुवा," ती म्हणाली.

डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि ते तसेच ओले, वर धरून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. लाडकीनं ते हात उलटसुलट बघून घेतले, बोटांची नखंसुद्धा.

"परत," ती म्हणाली.

डॉक्टर बेसिनकडे वळले.