दोन गाड्या आणि मिस्त्रींचा तळहात

वर्कशॉपच्या भिंतीवर मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक ओळ होती : आधी कान, मग डोळा, मग हात. पाना उचलायच्या आधी गाडीचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायचं, असा तिथला रिवाज. मिस्त्रींची लेक त्या ओळीखालीच रांगली, चालली, आणि आता कोपरापर्यंत ग्रीस माखून त्यांच्या शेजारी उभी राहत होती.

त्याच छपराखाली बावीस वर्षं एक लढाई चालू होती. दोन अमेरिकन गाड्यांवरून : मिस्त्री मस्टँगचे, त्यांचा मेहुणा कॅमेरोचा. दोघांपैकी एकाच्याही दारात यातली गाडी नव्हती. दोघे मिळून एका जुनाट स्कूटरवर कामाला येत. पण भांडण असं, की जणू दोन्ही गाड्या घरच्या दावणीला बांधल्या आहेत.

"दाजी, तुमची घोडी झडपा उघडायला डोक्यावर चार-चार कॅम घेऊन पळते. बाजाराला निघालीय का?"

"आणि तुझीला काचा आहेत की टपाल टाकायच्या फटी? आत बसलं की दिवस आहे का रात्र, ते विचारावं लागतं!"

"माझीला एकच कॅम, तोही पोटात. लांब दांड्यांनी झडपा उघडते बिचारी. साधी राहणी, दाजी!"

दिवस असाच सरायचा. पण गेले आठ महिने मिस्त्रींच्या पोटात एक गोष्ट दडून होती. आधी किटलीची शिट्टी गेली. मग इंजिनाच्या पट्ट्याची किरकिर गेली, मग दाराची घंटा. आवाज एकेक करून उठून गेले, निरोपही न घेता. मिस्त्री ओठ वाचायला शिकले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून निभावू लागले. कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या कानावर वर्कशॉप उभं राहिलं, त्याचेच कान गेले म्हटल्यावर तो तिथे कोण उरला? स्टुलावर बसवून ठेवायचा म्हातारा!

अशात एका सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, वर्कशॉपच्या जुन्या गिऱ्हाईक. पुढे त्यांनी स्वतः चालवत आणलेली लाल मस्टँग, मागे त्यांच्या भाच्याने चालवत आणलेली करडी कॅमेरो. दोन्ही विकायला निघालेल्या. मालकांनी दुपारपर्यंत चालवून बघायला दिल्या होत्या.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघत बसले," बाई म्हणाल्या. "आता मला रस्त्याकडे बघायचंय. यातली एक घेणार. कुठली, ते तुम्ही सांगा."

मिस्त्री मोहरले. "कानपरीक्षा होऊन जाऊ दे!"

कानपरीक्षा म्हणजे त्या दोघांचा जुना खेळ. डोळ्यांवर फडकं बांधायचं. समोरच्याने एक गाडी चालू करायची. आवाजावरून तिचं नाव आणि तब्येत सांगायची. जो हरेल त्याने दुसऱ्याची लाडकी चारचौघांत धुवायची.

"आज नको, दाजी," मेहुणा पुढ्यात येऊन म्हणाला. "मला पडसं झालंय."

"पडसं नाकाला झालंय ना? मग कान कशाला लपवतोस? घाबरलास, म्हण!"

मेहुण्याने आपल्या भाचीकडे, मिस्त्रींच्या लेकीकडे, बघितलं. तिने मान खाली घातली. मिस्त्रींनी स्वतःच फडकं बांधलं आणि दोन्ही गाड्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. उघड्या बॉनेटपाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला की नाव ओळखता येईल, एवढा भरवसा त्यांना होता. मात्र आधी गाडी चालू व्हायची वाट बघायची होती.

ते वाट बघत राहिले. अंधार, आणि अंधारात कापूस भरल्यासारखी शांतता.

"अरे, लाव की रे! किती वेळ?"

कुणी बोललं असेल तर ते त्यांना कळलं नाही. मग पोटरीला ऊब लागली. गरम वारा, जळक्या पेट्रोलचा वास. गाडी चालू होती. केव्हापासून चालू होती, देव जाणे! बॉनेटखाली आठ सिलिंडर धडधडत होते आणि मिस्त्री ओरडत होते, लाव की रे.

पायाखालची जमीन सरकली. तोल सावरायला त्यांनी हात टाकला, तो मडगार्डवर पडला. तळहात पत्र्याला चिकटून राहिला.

आणि तळहातात इंजिन आलं.

खालून, दमदार, बैठ्या चालीचं. जात्याच्या पाळीसारखं एकसारखं. कान जिथवर कधी पोचले नव्हते, तिथवर हात चालला होता.

"ही तुझी," ते हळूच म्हणाले. "कॅमेरो. तब्येत खणखणीत. आता दुसरी लाव. आणि ही बंद कर."

खांद्यावर लेकीचा हात पडला. तिने त्यांना दोन पावलं वळवून दुसऱ्या गाडीपाशी नेलं. मिस्त्रींनी उजव्या पत्र्यावर हात ठेवला : झरझर, हलकी, वरच्या वर नाचणारी. त्यांची मस्टँग. मग पुढून फिरून डाव्या पत्र्यावर ठेवला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. इथे पत्रा थरथरत होता. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यातलं डावीकडचं फाटलं होतं.

फडकं ओढून ते म्हणाले, "खाली बघ गं, बाय."

लेक टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. त्यांना दिसेल असं तोंड वर करून सावकाश बोलली. "फाउंडेशन फाटलंय, बाबा. आणि सांगाड्याचा आतला दांडा वाकलाय. कुणीतरी दगडावर आदळवली असणार. वरून पट्टी मारून रंग फासलाय."

"मला तर आवाजात काहीच कळलं नाही," मेहुणा म्हणाला.

मिस्त्रींनी लाल पत्र्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग डॉक्टरीणबाईंकडे वळले. "जात म्हणाल तर आजही मस्टँगच. पण ही नको. कॅमेरो घ्या. ही दुखणं झाकून उभी आहे, आणि झाकलेलं दुखणं..."

हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं.

"माझेही कान गेलेत," ते म्हणाले. "आठ महिने झाले."

मेहुणा अगदी समोर आला. "ठाऊक आहे, दाजी. आठ महिने मी तोंडासमोर उभा राहून भांडतोय, ते काय तुमचं रूप बघायला? पूर्वी मी गाडीखालून भांडायचो. सुखात होतो!"

लेक हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मग आपला ग्रीसने माखलेला तळहात पुढे केला. "हे आम्हाला दोघांनाही येत नाही, बाबा. मला शिकवा. उद्यापासून."

"उद्यापासून कशाला?" मिस्त्री म्हणाले. "हात पूस आधी. ग्रीसमधून काय कळणार, कपाळ?"

"शिकवणी नंतर," डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या. "माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कानांचे डॉक्टर बसतात. कदाचित थोडंफार परत मिळेलही. मी स्वतः नेते. आत्ता. याच गाडीतून."

"कॅमेरोतून? मी?"

"आधी धुवा तरी!" मेहुणा बादली घेऊन आला. "तुमची लाडकी नापास झालीय. हरलात, दाजी!"

"नावं दोन्ही बरोबर सांगितली!"

"तब्येत हरली, म्हणजे माणूस हरला."

मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. चारचौघांत, कुरकुरत, करडी कॅमेरो चाकापासून छतापर्यंत धुतली. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिला मऊ फडक्याने पुसलंही.

मग ते आत बसले. काच खरोखरच अरुंद होती. त्यांनी खिडकीतून मेहुण्याला बोटांनी फट करून दाखवली. मेहुण्याने हात जोडले.

मिस्त्रींनी दाराच्या आतल्या बाजूला तळहात टेकवला आणि डोळे मिटले. बाईंनी बटण दाबलं.

"झाली चालू," मिस्त्री म्हणाले. "निघा."