डावीकडे कलणारं विमान

विमान पुन्हा तळ्यात पडलं. शकुंतलेने डोळे घट्ट मिटून घेतले होते, पण कानांचं काय करणार? संगणकाच्या स्पीकरमधून तो धडाम आवाज आला आणि तिच्या हातातली भाजीची जुडी खाली पडली.

"मुकुल, बंद कर बघू ते. माझ्या छातीत धडधडतंय."

"खेळ आहे आई," मुकुल म्हणाला. पण त्याचा आवाज खेळणाऱ्याचा नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता. सांगलीत, विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी शिवणयंत्राशेजारी संगणक मांडलेला होता आणि शकुंतलेचा एकुलता एक मुलगा दुपारचं जेवण झालं की त्यावर प्रवासी विमान उडवायला बसायचा. आता वीस-एकवीस वर्षांचा घोडा असले खेळ खेळतो म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या आईने कपाळाला हात लावला असता. पण मुकुल खरोखरचाच वैमानिक व्हायला निघाला होता. लांबच्या एका फ्लाइंग क्लबात तो दोन सीटच्या छोट्या विमानावर शिकत होता आणि सुट्टीला म्हणून घरी आला होता. कोजागरी झाली की परत जायचं आणि गेल्या गेल्या पहिल्यांदा एकट्याने विमान उडवायचं, असं ठरलेलं होतं. शेजारी मास्तर नाहीत, कोणी नाही. त्या दिवशी हजर झाला नाही, तर क्लबातून नाव कमी होणार होतं.

मुकुलचे वडील सुमंतराव यांचा पंपाचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप होतं. इस्लामपूरच्या बाजूला माल पोचवायला गेले की समोरच्याने विचारो न विचारो, "आमचा मुकुल पायलट होतोय" हे ऐकवल्याशिवाय ते चहाचा कप खाली ठेवत नसत. शकुंतला शेजारणींना हसून पेढे वाटायची आणि मनातून रोज मरायची. फोनची घंटा वाजली की ती आधी देवाला हात जोडायची, मग फोन उचलायची. अंगणावरून घार गेली तरी ती वर बघायची नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? सुमंतराव हसले असते आणि पोरगा चिडला असता.

तर हे पडद्यावरचं विमान. खेळाबरोबर आलेली विमानं लहान होती. हे मोठं, दोन इंजिनांचं, वेगळं मिळवून त्या खेळात घालावं लागलं होतं. साताऱ्याला संगणकाचे क्लास चालवणाऱ्या राहीलने, म्हणजे मुकुलच्या कॉलेजातल्या जिवलग मित्राने, ते सीडीवर घालून पाठवलं होतं. दिसायला मोठं देखणं. चाकं पोटात घ्यायचं, पंखांवर दिवे लुकलुकायचे. सुमंतराव तर खुर्ची ओढून बघायला बसले होते. पण धावपट्टी सोडून जरा वर गेलं की ते डावीकडे कलायला लागायचं. मुकुल संगणकाला जोडलेला, विमान वळवायचा दांडा उजवीकडे ओढायचा. ते थोडं सरळ व्हायचं, पुन्हा कलायचं, मग नाक खाली घालून खेळातल्या शिकागो शहराच्या तळ्यात जायचं.

पहिले दोन दिवस मुकुल इरेला पेटला होता. विमान पुसून टाकलं, सीडीवरून पुन्हा घातलं. त्याच्या फाइली उघडून आत काय काय आकडे होते ते वाचले. इंधन कमी केलं, वजन बदललं, एका इंजिनाचा जोर कमी-जास्त करून पाहिला. प्रत्येक वेळी "आता बघ" म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी विमान डावीकडे. तिसऱ्या दिवसापासून तो "आता बघ" म्हणेनासा झाला. नुसताच उडवायचा, पाडायचा आणि आपल्या उजव्या तळव्याकडे बघत बसायचा.

मग एक दिवस जेवताना तो ताटात बघत म्हणाला, "बाबा, वर्कशॉपमध्ये मला काही काम आहे का?"

सुमंतरावांचा घास हातातच राहिला. "चेष्टा करतोस काय रं?"

"नाही. माझा हातच चालत नाही. खेळातलं विमान सरळ ठेवता येत नाही मला, खरं काय ठेवणार?"

सुमंतरावांनी घास ताटात परत ठेवला आणि पाण्याचा तांब्या ओढला. शकुंतलेने दोघांना आमटी वाढली. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता. पोरगा घरी राहणार. रोज संध्याकाळी हातपाय काळे करून वर्कशॉपमधून येणार, जेवणार, भांडणार, लग्न करणार. देवापुढे साखर ठेवायला ती उठलीसुद्धा. मग तिने मुकुलचं तोंड पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. तिला त्याच्या तोंडाचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक बाहेर गेलेले असताना फोन वाजला. साताऱ्याहून राहील बोलत होता.

"काकू, मुकुलला निरोप द्या. त्यानं सांगितलं म्हणून तेच विमान मी कालपासून उडवतोय, सुतासारखं सरळ जातंय. विमानात कायबी खोट न्हाई. त्याला म्हणावं, ती जॉयस्टिक उघडून बघ. आत लय घाण गेली असंल."

"सांगते हो," शकुंतला म्हणाली आणि फोन ठेवून टेबलाकडे गेली. जॉयस्टिक म्हणजे तो दांडा, एवढं तिला ठाऊक होतं. दांड्याच्या बुडाशी बारीक फट होती. खिडकीतून टेबलावर आणि टेबलावरून त्या फटीत मुंग्यांची रांग लागली होती.

मुंग्यांना तिथे कुणी बोलावलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. सुमंतराव वर्कशॉपमधली हत्यारं पुजायचे, ती घरची. स्कूटर, शिवणयंत्र, मिक्सर, संगणक, सगळ्यांना कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. पण ह्या वर्षी दांड्यापाशी आल्यावर तिला बोटभर कुंकू पुरेसं वाटेना. पोराचा हात ह्याच्यावर असतो, पुढे तो खऱ्या विमानातल्या अशाच दांड्यावर असणार, हे तिच्या मनात आलं आणि तिचा धीर सुटला. कुणी बघत नाही असं पाहून तिने दांड्यावर पळीभर पंचामृत घातलं. "ह्याच्या हाताला सांभाळ," म्हणाली, आणि वरून पदराने पुसून टाकलं. दूध, दही, तूप, मध, साखर. वरचं पुसलं. आत गेलं त्याचं काय?

म्हणजे मुकुलचा हात चांगला होता. विमानही चांगलं होतं. बिघाड तिच्या भीतीने केला होता.

मुकुल घरी आला तेव्हा तिने निरोप द्यायला तोंड उघडलं आणि "हात धुवून घे" म्हणाली. एवढंच. सांगितलं तर तो दांडा उघडणार, साफ करणार, विमान सरळ जाणार आणि त्याच्या मागोमाग पोरगाही. नाही सांगितलं तर घरात राहणार. इतकं सोपं होतं ते. देवाने हात सांभाळला नसेल, पण पोराला तर राखलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मुंग्या तिने फडक्याने टिपून टाकल्या आणि खिडकीपाशी हळद पसरली.

पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. ह्या पोराने लहानपणी घरातला रेडिओ उघडला होता, इस्त्री उघडली होती, सुमंतरावांचं घड्याळ उघडून मार खाल्ला होता. मग हा दांडा तो का उघडत नव्हता?

कोजागरी जवळ आली. मुकुलने बॅग भरायला काढली नाही आणि सुमंतरावांनी विचारलं नाही. एके संध्याकाळी ते वर्कशॉपमधून दमून आले होते. "मुकुल, स्कूटर काढ. मारुती रोडवरून दूध घेऊन येऊ," ते म्हणाले. मुकुल उठला, किल्ली घेतली, स्कूटरपाशी गेला. शकुंतला दारात उभी राहून बघत होती. त्याने स्टँड काढला, हँडल धरलं आणि तसाच उभा राहिला. मग किल्ली वडिलांच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा बाबा. मी मागं बसतो."

शाळेत असल्यापासून चोरून स्कूटर पळवणारा पोरगा बापाच्या मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसला. स्कूटर कोपऱ्यावर वळली तेव्हा त्याने खांदे आवळून घेतलेले तिला इथून दिसले. आता मात्र शकुंतला खरोखर घाबरली. तिला वाटलं होतं, विमान सुटेल आणि पोरगा घरी थांबेल. इथे पोरगाच हातचा सुटत होता. आज स्कूटर, उद्या रस्ता ओलांडायला घाबरेल, परवा दाराबाहेर पडणार नाही. आणि हे आपण केलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमंतराव वर्कशॉपला गेले. मुकुल बंद संगणकासमोर नुसताच बसला होता. ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.

"मुकुल, ओरडू नकोस. राहीलचा फोन आला होता, मी तुला सांगितलं नाही. विमान चांगलं आहे म्हणाला. हा दांडा बिघडलाय." तिने दांड्याच्या फटीवर बोट ठेवलं. "मीच बिघडवलाय. खंडेनवमीला पंचामृत घातलं मी त्याच्यावर."

तो ओरडला नाही. त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मुंग्या मलाही दिसल्या ना आई. तिसऱ्याच दिवशी."

"मग उघडला का नाहीस?"

"उघडला असता तर दुरुस्त झाला असता."

शकुंतलेला क्षणभर काहीच कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. मुकुल बोलायला लागला तो थांबेचना. क्लबात, सुट्टीच्या आधी, मास्तरांनी वर नेऊन मुद्दाम वेग कमी करायला लावला होता. विमान बळ सोडतं तेव्हा काय करायचं, ते शिकवायला. डावा पंख एकदम खाली गेला. खालची शेतं गरगर फिरायला लागली. काय करायचं ते त्याला पाठ होतं, पण हात जागचे हललेच नाहीत. मास्तर ओरडत होते आणि मुकुल दांडा आवळून नुसता बघत होता. शेवटी मास्तरांनी त्याच्या हातांवर मारून दांडा सोडवला आणि विमान सावरलं.

"घरी आलो तर हेही विमान डावीकडेच. मी लय घाबरलो. मग मुंग्या दिसल्या आणि बरं वाटलं मला. दांडा तसाच ठेवला की न जायला कारण मिळत होतं."

"नको जाऊस," हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. कुणी तिला अडवणारं नव्हतं. पोरगा स्वतःच्या तोंडाने नको म्हणत होता, फक्त मान हलवायची होती. पण कालचं त्याचं ते स्कूटरवर बसणं तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मास्तर घाबरले नव्हते?" तिने विचारलं.

मुकुलला आठवलं. "उतरल्यावर चहा घेताना त्यांचा कप बशीवर वाजत होता. मी पाहिलं."

"आणि मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या पोराला घेऊन वर गेले."

शकुंतला उठली. सुमंतरावांच्या खणातून तिने स्क्रू-ड्रायव्हर आणला, औषधांच्या फळीवरून स्पिरिट आणि कापूस आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. "उघड," म्हणाली. तिचा आवाज असा चढला की तिचं तिलाच नवल वाटलं.

आत नुसता चिकटा होता. साखर, मेलेल्या मुंग्या, वाळलेलं दही. मुकुलने दांड्याची हालचाल मोजणाऱ्या आतल्या दोन छोट्या वाट्या उघडल्या आणि तिने कापसाच्या बोळ्याने कडा न् कडा पुसून काढली. एक स्क्रू तीनदा खाली पडला. मग त्याने सगळं जोडलं, संगणक चालू केला, दांड्याला मधोमध कुठे, डावं-उजवं कुठे, ते पुन्हा शिकवलं आणि विमान धावपट्टीवर उभं केलं.

शकुंतलेने ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. विमान धावलं, उठलं, चाकं पोटात घेतली. आता कलेल, मग कलेल. कललं नाही. मुकुलने ते तळ्यावरून मोठ्या वळणाने फिरवलं आणि धावपट्टीकडे नाक केलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण हात हलत होते. जरा इकडे, जरा तिकडे, घाई न करता. ती पदराचं टोक मुठीत धरून गणपतीचा धावा करत होती. आणि धावा करता करता तिच्या लक्षात आलं, की आपण विमान नीट उतरू दे म्हणत नाही आहोत. पडू दे म्हणतो आहोत. एकदाच, शेवटचं, पडू दे. तिने स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरला.

चाकं टेकली. विमान थोडं उसळलं, पुन्हा टेकलं आणि पळत पळत धावपट्टीच्या मधोमध थांबलं.

"आई, बघितलंस?" मुकुल वळून हसला. किती दिवसांनी हसला होता.

"बघितलं की."

"उद्याच्या गाडीचं बघतो मग. बाबांना तू सांगशील?"

"सांगते," ती म्हणाली आणि मेलेल्या मुंग्यांचा तो कापूस उचलून स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्याला धरून उभी राहिली. इतके दिवस विमान पडत होतं तेव्हा पोरगा घरात होता. आज ते नीट उतरलं होतं. तिने परात ओढली आणि त्याच्या उद्याच्या वाटेसाठी दशम्यांचं पीठ काढलं.