मायची कॅसेट

माझं काम ट्रान्सक्रिप्शनचं. बाबांना ते कधी पटवता आलं नाही. "ऐकलेलं लिहून काढायचं," म्हटलं की ते म्हणायचे, "ऐकलेलं ध्यानात ठिवायला काय होतंय लोकांना?"

गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही कान गेले. मशीनचाही उपयोग होईना. मग एक दिवस ते धर्माबादहून माझ्याकडे नांदेडला आले, पिशवीतून कॅसेट काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "लिव हे, सुके. मायचं बोलणं आता डोळ्यानं तरी ऐकतो."

मी तान्ही असताना बाबा मस्कतला गवंडीकाम करायचे. मायला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलणं कॅसेटमध्ये भरून पाठवायची. त्यातली ही एकच उरली होती. माय जाऊन सहा वर्षं झाली.

जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला, हेडफोन लावला, बटण दाबलं. माय बोलायला लागली आणि मी नुसती रडत बसले. त्या दिवशी एक अक्षर टाइप झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र कामाच्या शिस्तीत बसले. खोकला, अडखळणं, मधली शांतता सगळं गाळलं आणि ठळक अक्षरांत छापून दिलं. एवढं सुबक काम बघून बाबा खूश होतील, असं मला वाटलं होतं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ठसका कुठंय तिचा? मिरच्या कुटून कुटून खोकायची ती. आन् हितं थांबायची. 'जेवलाव का' इच्यारलं की थांबायची."

खरंच थांबायची. भोळी माझी माय! प्रश्न विचारला की समोरच्याला बोलू द्यायचं, एवढंच तिला ठाऊक. मी ती शांतता टेप घासल्याची समजून पुढं ढकलली होती.

"मी तकडं मस्कतला 'हाव, जेवलो' म्हणायचो," बाबा म्हणाले. "खोलीतले पोरं हसायचे. हसू दे."

मी पुन्हा बसले. ठसका लिहिला, माझं तान्हेपणीचं रडणं लिहिलं आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ रिकामी सोडली.

बाबा मोठ्यानं वाचू लागले. आवाज त्यांचा, पण हेल अगदी मायचा. "सुकीला दोन दात आलेत. जेवलाव का?" रिकाम्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हाव." "तकडलं पाणी गोड हाय का?" "न्हाई." ऐकता ऐकता आमचं धर्माबादचं स्वयंपाकघर, मायची मांडी, मिरचीचा नाकात जाणारा खाट, सगळं जवळ आलं. हे असंच चालत राहावं असं वाटत होतं.

शेवटचा प्रश्न होता, "कवा येताव?" बाबांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"येऊन राहिलो," ते हळूच म्हणाले.

"असलं बोलायचं नाही!" मी ओरडले. त्यांना काय ऐकू येणार? कागद ओढून घेतला आणि त्या ओळीवर पेनानं लिहिलं, 'एवढ्यात जायचं नाही.'

बाबांनी चष्मा सारखा केला. "हे ती म्हणली न्हाई."

मी खाली लिहिलं, 'मी म्हणून राहिले.'