दोन बोटं डावीकडे

पक्ष

दिलेलं आहे: एक शाळा, गणित विभागाचं एक प्रमुखपद, आणि त्या पदावर डोळा ठेवून बसलेलं एक जोडपं.

नवरा उंच, आवाज भारदस्त, आणि त्या आवाजाच्या प्रेमात सगळ्यांत आधी तो स्वतः. पोरं त्याला गोलंदाज म्हणायची, कारण फळ्यावर तो नुसत्या हाताने वर्तुळ काढायचा. वर्गाकडे तोंड करून उभा राहायचा, हात खांद्यापासून मागे न्यायचा आणि एकदाच फिरवायचा. खडू निघाल्या जागी परत यायचा. मग फळ्याकडे ढुंकूनही न बघता मधोमध एक ठिपका. टक्. आणि म्हणायचा, हे केंद्र. वर्ग टाळ्या पिटायचा. भूमिती शिकवायला एवढं पुरतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

बायको त्याच शाळेत, त्याच विषयाची, आणि बुटकी. तिच्या काखेत कायम फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास. एका पायाला खिळ्याचं टोक, दुसऱ्याला खडू. पोरं तिला कंपासबाई म्हणायची. नवरा शिक्षकांच्या खोलीत चारचौघांत सांगायचा, आमच्या घरात एक कलावंत आहे आणि एक सुतार. सगळे हसायचे. तीही हसून घ्यायची. वसुली नंतर.

दहावी कुणी शिकवायची हे विभागप्रमुख ठरवतो. नुकतेच निवृत्त झालेले प्रमुख नवऱ्याचे गप्पांचे सोबती, त्यामुळे वर्षानुवर्षं दहावी त्याच्याकडे आणि पाचवी-सहावीचे अपूर्णांक तिच्याकडे. ज्या वर्तुळाच्या धड्यापायी ती पोरवयात गणिताच्या नादी लागली, तो धडा दर वर्षी तिने भिंतीपलीकडून ऐकायचा, तोही नवऱ्याच्या आवाजात. आणि इकडे स्वतः अर्धा अधिक एक तृतीयांश करत बसायचं. प्रमुखपदाचा मान, वेगळी खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या, यातलं काही मिळालं नसतं तरी तिचं अडलं नसतं. तिला दहावी हवी होती.

आणखी एक गोष्ट दिलेली आहे, पण ती तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. नवऱ्याचा तास संपला, वर्ग मैदानावर गेला, की ती एक पुठ्ठा घेऊन त्या रिकाम्या वर्गात शिरायची आणि त्याच्या वर्तुळाचं खरं केंद्र शोधून काढायची. वर्तुळ बरं असायचं. ते ती मान्य करायची. पण ठिपका दर वेळी चुकलेला. दर वेळी एकाच बाजूला, दोन बोटं डावीकडे. ती बोटं ठेवून बघायची, फळा पुसायची आणि खुशीत घरी जायची. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही. काही सुखं वाटून खाण्यासारखी नसतात.

साध्य

केंद्रीय कोनाचा शिरोबिंदू केंद्रावर असतो. अंतर्लिखित कोनाचा परिघावर. दोघांनी एकच कंस पकडला, तर केंद्रीय कोन अंतर्लिखिताच्या दुप्पट. ओळखायला याहून सोपं काय असणार. कंपासबाई शाळेतली माणसंही अशीच ओळखायची.

मुख्याध्यापिका: केंद्रावर, खुर्चीसकट.

संस्थेचे चिटणीस: परिघावर. सरकवून कुठेही बसवा, त्यांना दिसायचं तेवढंच दिसतं.

चित्रकलेचे सर: वर्तुळाबाहेर. बहुतेक वेळ फाटकाबाहेरही.

नवरा: केंद्रापासून दोन बोटं डावीकडे. तिथे काढलेला कोन केंद्रीय नाही, कारण ते केंद्र नाही. अंतर्लिखितही नाही, कारण तो परीघ नाही. पुस्तकात अशा कोनाला कुणी वाली नसतो. फळ्यावर मात्र त्याला टाळ्या पडतात.

तेव्हा सिद्ध करायचं होतं एवढंच, की गोलंदाजाला केंद्र सापडत नाही. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी. मग दहावी आपोआप आली असती.

रचना

निवड अशी ठरली: दोघांनी एकाच वर्गावर, एकाच विषयाचा, एकामागून एक नमुना पाठ घ्यायचा. विषय, केंद्रीय आणि अंतर्लिखित कोन ओळखणे. वर्ग दहावीचा. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि चिटणीस. सेवेत आधी लागलेला म्हणून पहिला पाठ नवऱ्याचा. आपला पाठ संपला की फळा ज्याने त्याने पुसून द्यायचा, असा शाळेचा रिवाज.

तिने आदल्या आठवड्यातच मुख्याध्यापिकांना सांगून ठेवलं की सरांची आकृती पुसू देऊ नका, मी तीच पुढे वापरीन. मुख्याध्यापिका कौतुकाने म्हणाल्या, नवरा-बायकोंत असा मेळ हवा. तिने मान खाली घातली. हसू लपवायला ती जागा बरी असते.

त्या सकाळी कपाट उघडलं तर कंपास नेहमीच्या खुंटीवर नव्हता. खालच्या खणात आडवा पडलेला होता, टोक बाहेर. तिने शिपायाला दोन शब्द सुनावले. शिपाई म्हणाला, मी हात लावला नाही. तिने आणखी दोन सुनावले.

नवऱ्याचा पाठ म्हणजे नेहमीचा खेळ, पाहुण्यांसाठी जरा जास्त मीठमसाला घालून. तो उभा राहिला, या वेळी जरा फळ्याकडे कलून, हात मागे नेला, फिरवला. चिटणिसांच्या तोंडून नकळत वाहवा निघाली. टक्, ठिपका. ठिपक्यापासून परिघावरच्या अ आणि ब पर्यंत दोन रेषा: केंद्रीय. परिघावरच्या क पासून त्याच अ आणि ब पर्यंत दोन रेषा: अंतर्लिखित. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट, लिहून घ्या. कोन ओळखायला त्याने वर्गाला सांगितलं, पण ओळखायची वेळ आली की उत्तरही तोच द्यायचा. मागच्या बाकांवरच्या एका उंच मुलीने हात वर केला आणि विचारलं की सर, ते केंद्रच आहे हे कशावरून.

"कारण मी तिथे ठिपका दिलाय," तो म्हणाला.

वर्ग हसला. चिटणीस सगळ्यांत मोठ्याने हसले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायकोने त्या मुलीला मनातल्या मनात पेढा भरवायचं ठरवलं.

सिद्धता

ती पुढे आली. कंपास टेबलावर ठेवला आणि मुद्दाम उघडला नाही. वर्गाला विचारलं, फळ्यावर केंद्रीय कोन कोणता? सगळ्यांनी बोट दाखवलं. कशावरून? सरांनी सांगितलं. सरांनी सांगितलं म्हणून ठिपका केंद्र होतो का? मागे नवरा हाताची घडी घालून असा उभा, की जणू त्याचा पुतळा उभारायचा आहे आणि माप घेणं चालू आहे.

मग तिने मोठा पुठ्ठा घेतला आणि त्या उंच मुलीला पुढे बोलावलं. सांगत गेली, मुलगी करत गेली. पुठ्ठ्याचा कोपरा परिघावर टेकव. कोपरा किती अंशांचा? काटकोन. शिरोबिंदू कुठे आहे? परिघावर. म्हणजे कोन कोणता? अंतर्लिखित. मग याच कंसाचा केंद्रीय कोन किती? वर्गात कुजबुज झाली आणि दोन-तीन ठिकाणांहून उत्तर आलं: दुप्पट, म्हणजे सरळ कोन, म्हणजे सरळ रेषाच. बरोबर. म्हणून पुठ्ठ्याच्या दोन कडा जिथे वर्तुळाला कापतात ते बिंदू जोड. ही रेषा केंद्रातून जायलाच हवी, तिला दुसरी वाट नाही. आता पुठ्ठा दुसरीकडे लावून आणखी एक रेषा काढ. दोन्ही रेषा जिथे छेदतील ते केंद्र. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

वर्ग पुढे झुकला होता. तिला भिंतीपलीकडून कधी असा वर्ग ऐकू आला नव्हता. अशी शांतता तिने फक्त मनात शिकवलेल्या तासांना ऐकली होती.

पहिली रेषा ठिपक्यातून गेली होती, पण एखादी रेषा योगायोगानेही जाते, असं तिने स्वतःला समजावलं. मुलीने दुसरी रेषा ओढली.

तीही ठिपक्यातून गेली. बाजूने नव्हे, जवळून नव्हे. बरोब्बर ठिपक्यातून.

दोन बोटं तिने पदराआड तयार ठेवली होती. ती तिथेच राहिली.

वर्गाने आधी श्वास सोडला आणि मग टाळ्यांचा कडकडाट केला. तिच्यासाठी नव्हे. चिटणीस मागून म्हणाले की काय नजर आहे माणसाची, न बघता. मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. नवऱ्याने किंचित मान झुकवून टाळ्या स्वीकारल्या. त्याची थोरवी सिद्ध करून द्यायला घरातलंच माणूस मिळालं होतं, तेही पुठ्ठ्यासकट. तिला वाटलं, इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा याला केंद्र सापडायचं होतं, ते आजच. आता दहावी गेली. आता निवृत्त होईपर्यंत अर्धा अधिक एक तृतीयांश.

सिद्धता, पुन्हा

रिवाजाप्रमाणे फळा पुसायचा राहिला होता. ती डस्टर घेऊन वळली आणि ठिपक्याजवळ नाक नेऊन बघू लागली, कारण विश्वास बसत नव्हता. ठिपका जरा खोलगट होता. खडू फळ्यावर टेकवलेला नव्हता, आत दाबलेला होता. तिने नखाने तो टोकरला. खाली भोक. लाकडी फळ्यात खिळ्याचं टोक बसलं की पडतं तसं, ताजं, कडेला रंगाचा कपचा उडालेलं.

तिला खालच्या खणातला कंपास आठवला. शिपायाचं तोंडही आठवलं.

मागे मुख्याध्यापिका चिटणिसांना काहीतरी सांगत होत्या आणि ते होकार देत होते. ओरडून सांगायची सोय नव्हती. बायकोने नवऱ्याच्या वर्तुळात भोक शोधलं, याला लोक भूमिती म्हणत नाहीत, जळकेपणा म्हणतात.

तिने डस्टर खाली ठेवलं. त्या उंच मुलीला बेसिनवरून फडकं ओलं करून आणायला सांगितलं. मग फळा पुसला. नीट, बाहेरून आत, कोपरे धरून, जसा पुसायला शाळेत शिकवतात आणि कुणीच पुसत नाही. खडू गेला. अ गेला, ब गेला, सगळे कोन गेले. खिडकीतून उजेड तिरपा येत होता, आणि ओल्या काळ्या फळ्यावर एक बारीक, चकचकीत, अखंड रेघ तशीच राहिली. पेन्सिलीची. गोल.

फळा वाळायची वाट न बघता ती बाजूला झाली.

"हे काय आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"वर्तुळ," ती म्हणाली. "केंद्रासकट."

चिटणीस स्वतः उठून पुढे आले. दुखऱ्या दाढेवर ठेवावं तसं त्यांनी भोकावर बोट ठेवलं, बोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. जन्मात पहिल्यांदा त्यांना परिघावरून काहीतरी जास्त दिसलं असावं. नवरा खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होता, जणू तिथे कुणी त्याचंच नाव पुकारत होतं.

टीप

दोघं घरी निघाली. तिने मनात उत्तरं रचून ठेवली होती, धारदार, एकावर एक. त्याने एकालाही जागा दिली नाही.

"तू मोजायचीस," तो म्हणाला. "मला माहीत होतं. खिडकीतून दिसायचीस, पुठ्ठा घेऊन."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कुणी तरी त्याला नमस्कार केला. त्याने तो घेतला, सवयीने, भारदस्तपणे.

"चिटणिसाला फसवायला कंपास लागतो होय?" तो म्हणाला. "त्याला मी बटाटा काढून दाखवला असता तरी तो वाहवा म्हणाला असता. पहाटे उठून ते टोक ठोकलं ते तुझ्या पुठ्ठ्यासाठी."

तिला वाईट वाटायला हवं होतं. निदान हसू तरी यायला हवं होतं. अख्ख्या शाळेला खिशात घालून फिरणारा हा माणूस एका पुठ्ठ्याला घाबरून अंधारात शाळेत गेला, फळ्यापाशी चाचपडत रेघ मारत बसला. तिला वाटला तो स्वतःचाच अभिमान. तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही, म्हणजे असं तिला वाटलं.

"शिपायाची माफी मागा उद्या," ती म्हणाली. "माझ्या वाटची पण."

उपप्रमेय

पद तिला मिळालं. पाचवी-सहावीचे अपूर्णांक तिने नवऱ्याकडे दिले. तिथे तो हाताने वर्तुळं काढतो, त्यांचे आठ-आठ तुकडे करतो, आणि तिथली पोरं अजून टाळ्या वाजवतात. भिंतीपलीकडून ऐकू येतं.

दहावीवर तिचा वर्तुळाचा पहिला तास झाला तेव्हा तिने कंपास उघडला आणि टोक फळ्यावर कुठे टेकवावं म्हणून क्षणभर बघितलं. भोक आयतंच होतं. तेव्हापासून ती तेच वापरते. नवीन पाडून फळा कशाला खराब करायचा.

वापरून वापरून ते आता सैल झालंय. परवा टोक जरा हललं आणि वर्तुळ पुरं होताना खडू निघाल्या जागी परत आलाच नाही. फट राहिली, पाव बोटाची. तिने वर्गाकडे बघितलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; ती उंच मुलगी शाळा सोडून गेली होती. त्या फटीवर तिने ठसठशीत ठिपका दिला, शेजारी क लिहिलं, आणि तिथून दोन रेषा ओढून सांगितलं की हा अंतर्लिखित कोन.

वर्गाने वहीत उतरवून घेतला.